हौशी गोल्फ टूरमध्ये नाव घालावं का? (वय ५४, मुक्काम अष्टागर)

वाडीतला | ३ ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं रोमात (नुसता वाचत) आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. विषय जरा आडवाटेचा आहे. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग उत्तर द्या.

मी चौल-रेवदंड्याकडचा. सतरा वर्षं ओमानात तेलकंपनीत काढली, आता घरी सुपारीची वाडी बघतो. गोल्फचं वेड लागलं ते तिकडेच. आमच्या वसाहतीचं मैदान सगळं वाळूचं होतं. गवत म्हणाल तर प्रत्येकाच्या बॅगेला अडकवलेला कृत्रिम हिरवळीचा एक तुकडा. चेंडू फेअरवेत (भोकाकडे जाणाऱ्या मोकळ्या पट्ट्यात) थांबला की तुकडा खाली टाकायचा, त्यावर चेंडू ठेवायचा आणि मारायचा. ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या हिरवळीच्या) जागी ‘ब्राऊन’, म्हणजे तेल पाजून बसवलेली वाळू. आपलं झालं की मागून येणाऱ्यांसाठी पावलांचे ठसे पुसून निघायचं. त्यामुळे गोल्फ म्हणजे हिरवागार श्रीमंती खेळ असं आपल्याकडे डोक्यात असतं ना, ते माझ्या वाट्याला कधी आलंच नाही.

आता महिन्यातून दोनदा खारघरला, सिडकोच्या मैदानावर जातो. पहाटे चारला गाडी काढायची, वडखळला ट्रेलरांची रांग लागायच्या आत पुढे सटकायचं, पनवेलला चहा. आमचा चौघांचा कंपू आहे. वर्षभराचे माझे स्कोअर (एका फेरीतले फटके, जितके कमी तितके चांगले) ८५ ते ८९. एक्सेलमध्ये स्वतःच हॅण्डिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा, कमी तितका खेळ चांगला) काढलाय, १४ येतो.

कंपूतल्या एकाने एका हौशी टूरचा फॉर्म पाठवलाय. नोव्हेंबर ते मार्च, सहा स्पर्धा, मुंबई-पुणे-नाशिक. हॅण्डिकॅपप्रमाणे ए, बी, सी, डी असे गट. फी, कॅडी (बॅग उचलणारा), पेट्रोल, घाटावर दोन-तीन मुक्काम धरून पाऊण लाख सहज जातील. तेवढे आहेत. पण मी त्या लायकीचा आहे का, की पन्नाशी उलटल्यावरचं हे थेर आहे, ते कळत नाहीये. घरून एवढंच सांगणं झालं, “स्पर्धेला जा नाहीतर काशीला जा, पाडेली येईल त्या दिवशी वाडीत पाहिजे.” (पाडेली म्हणजे झाडावर चढून सुपारी उतरवणारा.)

देवगडी_हापूस | ३ ऑक्टोबर, रात्री १०.०५

मेल्या, पाऊण लाख घालून चेंडू मारूक घाटावर जातलस? हंय टेनिस बॉलचे टुर्नामेंट काय कमी असत? पन्नास रुपयांत वडापाव खावन रात्रभर खेळ.

(गंमत हां. वाचतंय. लिही.)

बोगीबाबा | ३ ऑक्टोबर, रात्री ११.१८

वाडीतला, सल्ला नंतर देतो. आधी चार प्रश्न, खरी उत्तरं द्या.

चौघांत गिम्मी (न मारताच आत गेला असं धरलेला शेवटचा छोटा फटका) किती लांबीची चालते? पहिल्या टीवर (होलच्या सुरुवातीच्या जागेवर) ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, फसला तर दुसरा चेंडू मिळतो का? चेंडू ओबी (हद्दीबाहेर) गेला तर परत टीवर जाऊन मारता, की जिथून बाहेर गेला तिथेच टाकता? आणि रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) चेंडू वाईट बसला असेल तर बुटाच्या टोकाने सरळ करता का?

वाडीतला | ४ ऑक्टोबर, सकाळी ७.१२

पटरच्या (भोकाजवळ चेंडू ढकलायच्या काठीच्या) ग्रिपपर्यंत असेल तर गिम्मी. पहिल्या टीवर एक मलिगन (बिनदंडाचा दुसरा चेंडू) प्रत्येकाला. ओबी गेला तर तिथेच टाकून एक दंड, नाहीतर मागचे लोक ओरडतात. बुटाचं... पावसाळ्यानंतर मैदान ओलं असतं तेव्हा करतो. म्हणजे डिसेंबरपर्यंत. बरं, जानेवारीतही.

बोगीबाबा | ४ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

हे प्रामाणिक उत्तर आवडलं. आता ऐका.

तुमचे ८७ हे ८७ नाहीत. एका फेरीत सात-आठ गिम्मी धरा. दोन-अडीच फुटांचे आठ पट (पटरचे फटके) खरे मारायला लागले तर तुम्ही दोन चुकवणार, मीही चुकवतो. मलिगनचा एक-दोन. ओबीचं तर सरळ गणित आहे. नियमाने एक दंड घेऊन मूळ जागेवर परत, म्हणजे टीवरून तिसरा फटका. तुम्ही दोनशे यार्ड पुढे उभं राहून तिसरा मारता. २०१९ पासून दोन दंड घेऊन पुढे टाकायची एक स्थानिक तरतूद आहे खरी, पण ती रोजच्या खेळासाठी. गंभीर स्पर्धेत ती लागू असेल असं समजू नका. टीवर असतानाच संशय आला तर “प्रोव्हिजनल मारतोय” असं तोंडाने म्हणून दुसरा चेंडू मारायचा. न बोलता मारलात तर तोच खेळातला चेंडू झाला, पहिला सापडला तरी उपयोग नाही. शोधायला मिनिटं तीन. पूर्वी पाच होती.

आता एक्सेल. समजा मैदानाचं कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला तिथे लागावेत असे फटके) ७०.५ आणि स्लोप (सामान्य खेळाडूला ते किती अवघड जातं त्याचा आकडा) १२५ आहे. ८७ मधून ७०.५ वजा केले, १६.५ उरले. त्याला ११३ ने (प्रमाण स्लोप) गुणून १२५ ने भागा, १४.९ येतात. हेच कार्ड खऱ्या हिशोबाने ९५ चं असेल तर २२.१. एका चहाच्या टपरीइतक्या सवलतीत तुम्ही सात फटक्यांची माडी बांधलीत.

आणि मुळात हॅण्डिकॅप हा तुमचा सरासरी दिवस नसतो. २०२० पासून जगभर जी पद्धत आहे तिच्यात शेवटच्या २० कार्डांतली सगळ्यांत चांगली ८ धरतात. वाईट १२ बाजूला. शिवाय एखाद्या होलवर अकरा झाले तरी हॅण्डिकॅपसाठी नेट डबल बोगीच (पार अधिक दोन, अधिक हॅण्डिकॅपने मिळणारे फटके) धरतात, म्हणजे पार ४ वर (चार फटक्यांत संपावा अशा होलवर) तुम्हाला एक फटका मिळत असेल तर जास्तीत जास्त ७. हॅण्डिकॅप तुमचे अपघात विसरतो. स्ट्रोक प्लेच्या (सगळे फटके मोजायच्या स्पर्धेच्या) कार्डावर अकराचे अकराच राहतात.

मु_पो_एडिसन | ४ ऑक्टोबर, सकाळी ९.०२

मूळचा मुरूडचा, वीस वर्षं न्यू जर्सीत. इथल्या एका हौशी टूरवर चार सीझन खेळलोय, म्हणून लिहितो.

गटांची पद्धत तुमच्या फॉर्ममध्येही अशीच असेल. इथे ४ च्या खालचे चॅम्पियनशिप गटात, ४ ते ८.९ ए, ९ ते १३.९ बी, १४ ते १८.९ सी, १९ च्या पुढचे डी. आणि महत्त्वाचं म्हणजे गटात एकदा बसलं की फटक्यांची सूट नाही. जेवढे मारले तेवढे मोजले, ग्रॉस. साधारण सारख्याच खेळाची माणसं समोरासमोर, मग सूट कशाला?

लोक नेहमी सॅण्डबॅगरबद्दल बोलतात, हॅण्डिकॅप मुद्दाम फुगवून खालच्या गटात घुसणारे. ते असतात, आणि टूरवाले त्यांना वर ढकलत राहतात. पण तुमच्यासारख्यांचं उलटं होतं. कंपूतल्या ८७ वर विसंबून सीमध्ये जायचं आणि पूर्ण सीझन शेवटच्या तिघांत काढायचा. मी पहिल्या वर्षी हेच केलं. बी मध्ये गेलो, १०३ मारले, घरी येऊन बॅग माळ्यावर टाकली. महिनाभर.

खाडीपलीकडची | ४ ऑक्टोबर, दुपारी २.४५

गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण नवरा बारा वर्षं खेळतोय, त्यामुळे एक हिशोब येतो. स्पर्धा एक दिवसाची नसते. आदल्या दिवशी ‘प्रॅक्टिस राउंड’, त्याच्या आदल्या दिवशी रात्री काठ्या पुसणं, आणि दुसऱ्या दिवशी चौदाव्या होलवर काय झालं ते जेवताना ऐकणं. सहा स्पर्धा म्हणजे अठरा दिवस धरा. त्यांत शिमगा येतो का बघा. आमच्याकडे पालखी दारात आणि हे नाशकात, असं एकदा झालंय. सासूबाई अजून काढतात.

वहिनींची पाडेलीची अट एकदम रास्त आहे.

वाडीतला | ४ ऑक्टोबर, दुपारी ३.३०

शिमगा बघितला नव्हता. पाचवी स्पर्धा नेमकी त्याच आठवड्यात आहे. 🤦

बंदर_ते_बंदर | ४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.१०

एक शंका. टूरमध्ये बक्षीस म्हणून पैसे मिळाले तर माणूस प्रोफेशनल होतो ना? मग क्लबात हौशी म्हणून खेळता येत नाही असं ऐकलंय.

बोगीबाबा | ४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.५५

ते जुनं झालं. जानेवारी २०२२ पासून नियम बदललेत. सूट नसलेल्या, म्हणजे स्क्रॅच स्पर्धेत हौशी खेळाडूला १००० डॉलरपर्यंत बक्षीस घेता येतं, रोखसुद्धा. हॅण्डिकॅपची सूट देणाऱ्या स्पर्धेत मर्यादा तीच, पण रोख नाही. वस्तू किंवा व्हाउचर. होल-इन-वनला (एकाच फटक्यात चेंडू भोकात) ही मर्यादा नाही.

वाडीतल्यांना या बाबतीत लगेच काळजीचं कारण दिसत नाही.

देवगडी_हापूस | ४ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.००

😂😂 बाबानू, उगाच कित्याक जखमेर मीठ?

बॅगवाला | ४ ऑक्टोबर, रात्री १०.२०

मी खेळाडू नाही. अठरा ते सत्तावीस या वयात मुंबईतल्या एका क्लबात कॅडी होतो, आता माणगावला स्वतःचं दुकान आहे. नाव नको.

साहेब लोकांच्या पायाला डोळे असतात. झाडामागे गेलेला चेंडू आपण पोचेपर्यंत मोकळ्यावर कसा येतो ते आम्हाला ठाऊक असायचं, आणि ठाऊक नाही असा चेहरा ठेवायचा पगार होता. पण मला सांगायचंय ते दुसरंच. एक साहेब रविवारच्या कंपूत दोन फुटाचा पट कधी मारायचे नाहीत, चेंडू पटरने ओढून घ्यायचे. क्लबाच्या वार्षिक स्पर्धेत शेवटच्या होलवर तेवढाच पट उरला. दोन फूट, किंचित उतार, डावीकडे. मी झेंडा धरून उभा. त्यांनी तीनदा मागे जाऊन बघितलं. मग वाकले, आणि मला त्यांच्या पॅण्टचा गुडघा हलताना दिसला, वारा नसताना. मारला. चेंडू भोकाच्या कडेवरून अर्धा फिरून बाहेर आला.

ते मला म्हणाले, “हा पट मी वीस वर्षांत मारलाच नव्हता रे.”

माणूस चांगला खेळायचा. फक्त तेवढा एक फटका त्याच्याकडे नव्हता.

वाडीतला | ४ ऑक्टोबर, रात्री ११.०१

बॅगवाला, झोप उडवलीत.

जुनी_पानं | ५ ऑक्टोबर, सकाळी १०.१५

अवांतर, पण कार्डाचा विषय निघालाच आहे म्हणून. स्पर्धेत आपलं कार्ड आपण लिहीत नाही, मार्कर लिहितो, म्हणजे सोबत खेळणाऱ्यांपैकी एक. शेवटी तपासून दोघांनी सही करायची. बेरीज चुकली तर ती समितीची जबाबदारी, पण एखाद्या होलवर खऱ्यापेक्षा कमी आकडा असेल आणि सही झाली, तर स्पर्धेतून बाद. जास्त आकडा असेल तर तोच जास्तीचा कायम.

१९६८ च्या मास्टर्समध्ये (अमेरिकेतली मोठी गोल्फ स्पर्धा) अर्जेंटिनाचे रॉबेर्तो दे विचेन्झो यांनी सतराव्यावर ३ मारले. मार्करने ४ लिहिले. त्यांनी न बघता सही केली. ६५ चे ६६ झाले, आणि ज्या एका फटक्याने ते बॉब गोल्बीबरोबर प्लेऑफमध्ये (बरोबरी सोडवायच्या जादा खेळात) जायचे तो गेला. त्या दिवशी त्यांचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. सगळ्या जगाने टीव्हीवर तो ३ पाहिला होता, पण कार्डावर ४ होते.

वाचायचा चष्मा बॅगेत ठेवा. चेष्टा नाही, पन्नाशीनंतरच्या स्पर्धकांचं हे खरं साहित्य आहे.

घाटमाथा | ५ ऑक्टोबर, दुपारी १२.४०

एक वेगळं मत मांडतो. शेतकऱ्याच्या पोराला खेळायला मैदान नाही, आणि मूठभरांसाठी शंभर-शंभर एकर गवताला पाणी. त्यात आपण हौशीच्या टूरवर धागे काढायचे. असो, मालक तुम्ही.

वाडीतला | ५ ऑक्टोबर, दुपारी १.५५

मुद्दा नाकारत नाही. उन्हाळ्यात वाडीला पाळीने पाणी सोडताना माझ्याही मनात येतं. पण मी जातो ते मैदान असं आहे की पैसे भरले की कोणालाही खेळता येतं, म्हणून तर जमतं. हा वाद स्वतंत्र धाग्यावर घेऊ, मी येईन तिथे.

खडपावरचा | ५ ऑक्टोबर, रात्री ८.३०

वाडीतला, सराव कुठे करता? महिन्यातून दोन फेऱ्यांवर टूर खेळायला निघालात की काय?

वाडीतला | ५ ऑक्टोबर, रात्री ९.१५

हे विचारलंत ते बरं झालं, कारण याचा मला जरा अभिमान आहे.

दोन ठिकाणी. एक, ओहोटीला पुळणीवर. सकाळी साडेसहाच्या आधी, पर्यटक आणि घोडागाड्या यायच्या आत. पाणी नुकतं ओसरलेली पुळण तव्यासारखी घट्ट असते. तिच्यावर नऊ नंबरची काठी चेंडूच्या आधी वाळूला लागली तर मनगटापर्यंत कळ जाते आणि चेंडू चार हात सरकतो. आधी चेंडूला लागली तर आवाजच वेगळा, सुपारी फोडल्यासारखा कट्ट. गवत खोटं बोलतं, थोडं चुकलं तरी चालवून घेतं. ओली वाळू काहीच चालवून घेत नाही. शिवाय काठीने काढलेली खूण समोर दिसते, भरती आली की पाटी कोरी.

दुसरं, वाडीत. शेजारच्या कोळ्याकडून डोल जाळ्याचा जुना खोला आणलाय. खोला म्हणजे जाळ्याचं शेपूट, सगळ्यांत बारीक आसाचं (छिद्रांचं), मासळी शेवटी जिथे साठते ते. दोन माडांमध्ये तो टांगलाय. पहिले आठ दिवस सुकटीचा वास यायचा आणि मांजरं खाली बसून असायची. ड्रायव्हर (सगळ्यांत लांब मारायची काठी) पूर्ण ताकदीने मारला तरी खोला पोटात घेतो आणि चेंडू हळूच पायाशी सोडतो. चार हजारांची विकतची नेट दोन पावसाळ्यांत कुजली होती, हा तीन वर्षं आहे.

पट मात्र कुठेच नाही. हिरवळ कुठून आणू?

खडपावरचा | ५ ऑक्टोबर, रात्री ९.५०

वा! खोला वाचून घरचं वाटलं. ट्रॉलच्या खोल्याला सरकारी नियमात ४० मिलिमीटर चौरस आस लागतो. तुमचा चेंडू किती?

बोगीबाबा | ५ ऑक्टोबर, रात्री १०.०४

कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर. म्हणजे गोल्फचा चेंडू कायदेशीर जाळ्यात अडकतो. मत्स्य खात्याला कळवायला हरकत नाही.

वाडीतला, पटसाठी हिरवळ नको. सारवलेल्या अंगणात किंवा घरातल्या लादीवर दोन फुटांवर वाटी उपडी ठेवा, रोज पन्नास. वेग नाही कळणार, पण सरळ मारायला हात शिकेल. आणि आता माझा सल्ला: टूरचा फॉर्म आत्ता भरू नका. मुदत कधीची आहे?

वाडीतला | ५ ऑक्टोबर, रात्री १०.१०

३१ ऑक्टोबर.

बोगीबाबा | ५ ऑक्टोबर, रात्री १०.२२

मग पाच फेऱ्या खेळा. कंपूशिवाय, किंवा कंपूला आधी सांगून. प्रत्येक पट भोकात, मलिगन नाही, बुटाला सुट्टी, ओबीला परत टीवर. मागचे ओरडले तर त्यांना पुढे जाऊ द्या. कार्ड कॅडीला लिहायला सांगा, तुम्ही नका लिहू. आकडे इथे टाका. पाचच कार्डं असली तर हॅण्डिकॅपला त्यातलं सगळ्यांत चांगलं एक धरतात, तेवढं कळायला पुरे.

खाडीपलीकडची | ५ ऑक्टोबर, रात्री १०.३५

महिन्यात दोनाच्या पाच फेऱ्या झाल्या. बोगीबाबा, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?

वाडीतला | २९ ऑक्टोबर, रात्री ९.२०

पाच झाल्या. ९८, ९४, १०१, ९२, ९६. सगळ्या बोगीबाबांच्या अटींवर.

१०१ मध्ये एका पार ५ वर अकरा आहेत. दोन चेंडू ओबी, दोन्ही वेळा मान खाली घालून टीवर परत. तिसऱ्यांदा काठी हातात घेतली तेव्हा कॅडीने हलकेच विचारलं, “सर, सात नंबरने मारू या का?” मारला असता तर बरं झालं असतं. मी ड्रायव्हरच काढला.

पण सांगायचंय ते ९२ चं. शेवटच्या होलवर साडेतीन फूट उरला होता. कंपूत असतो तर “उचल रे” म्हणून मोकळे झाले असते. इथे फक्त मी आणि कॅडी, तोही मोबाईल बघत होता. पाहणारं कोणी नाही, पैज नाही, बक्षीस नाही. आणि बॅगवाल्यांच्या त्या साहेबांसारखा माझा गुडघा हलायला लागला! चक्क हलत होता. गेला आत, डाव्या कडेला चाटून. मी गाडीत बसल्यावर पाच मिनिटं किल्लीच लावली नाही. ओमानात पहिल्यांदा चेंडू हवेत गेला होता त्यानंतर असं काही झालं नव्हतं.

हिशोब केला. ९२ वजा ७०.५, बाकी बोगीबाबांचेच आकडे धरून १९.४ येतात. एक्सेलमधले १४ पुसले.

कंपूलाही सांगितलं. दोघं म्हणाले आपण मजेसाठी खेळतो, मजा घालवू नकोस. ते चूक नाहीत, त्यांच्याबरोबर मी ग्रिपपर्यंतची गिम्मी घेतच राहणार. तिसरा मात्र पुढच्या खेपेला गुपचूप सगळे पट मारत होता.

मु_पो_एडिसन | २९ ऑक्टोबर, रात्री ९.४८

१९.४ म्हणजे डी. अगदी उंबरठ्यावर, पण आत. तिथे तुमच्यासारखीच माणसं भेटतील, बरेचसे पन्नाशीचे, गुडघ्याला पट्टा बांधलेले. ९२ वारंवार निघाले तर वर ढकलतील. मग तक्रार करू नका.

बॅगवाला | २९ ऑक्टोबर, रात्री १०.१२

साडेतीन फुटाचा वाचून मलाच घाम फुटला.

वाडीतला | ३१ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.४०

फॉर्म भरला. डी गट. सहाऐवजी चार स्पर्धांची फी भरता येते असं फोनवर कळलं, चारच घेतल्या. शिमग्याची काढली. फेब्रुवारीतली नाशिकची पण काढली, पाडेली त्याच आठवड्यात येतोय आणि दुसरा मिळत नाही. घरी चारचा आकडा सांगितल्यावर उत्तर आलं, “म्हणजे बारा दिवस.” खाडीपलीकडची, तुमचा हिशोब कुठून पोचला ते कळेल का?

पहिली स्पर्धा पुण्याला, नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी. पनवेलहून कोणी निघत असेल तर गाडीत दोन जागा आहेत. आदल्या दिवशी दुपारी निघेन.

वाचायचा चष्मा बॅगेत टाकलाय.

खडपावरचा | ३१ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.१५

शुभेच्छा. आणि खोला फाटला तर सांगा, आमच्याकडे या सीझनला एक निघालाय. वास जायला मात्र आठ दिवस लागतील.

देवगडी_हापूस | ३१ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.३२

पुण्याहून येताना स्कोअर टाक रे. आणि खरो टाक.